‘साभार’ म्हटलं की झालं?

मागच्या आषाढात, दुपारी पोळ्या लाटत असताना फोन आला. पलीकडचा मुलगा पंचविशीतला असावा. “मॅम, तुमच्या साइटवर शी-शूच्या सवयीवर एक जुना लेख आहे. त्यात फक्त एक वाक्य टाकायचंय. एक लिंक. आठ हजार देऊ.” कुठलं वाक्य, म्हणून विचारलं तर त्याने लगेच पाठवलं: ‘मूल पॉटीवर बसलेलं असताना आईबाबांनी मोबाइलवर एखादा छान खेळ खेळायला हरकत नाही.’ यातल्या ‘छान खेळ’ या दोन शब्दांवर बोट टेकवलं की पैसे लावून रमी खेळायचं दुकान उघडणार होतं.

आठ हजार म्हणजे आमच्या साइटचा जवळजवळ वर्षाचा खर्च. पोळी तव्यावर करपली, पण मी नाही म्हटलं. मुलगा चांगला होता बिचारा. “का मॅम? वाचणाऱ्याला कळणारसुद्धा नाही,” असं अगदी मनापासून म्हणाला. कळणार नाही म्हणूनच नको, हे त्याला पटवायला माझ्याकडे वेळ नव्हता. आता तुमच्यापाशी बोलते.

मी कराडची. एका छापखान्यात चौदा वर्षं प्रुफं तपासली. मुलगी झाल्यावर नोकरी सुटली आणि जागरणं सुरू झाली. रात्री दोन वाजता रडणारं बाळ मांडीवर घेऊन मी मोबाइलवर मराठीत काहीबाही शोधायचे आणि सापडायचं ते वाचून आणखी घाबरायचे. त्यातून ही पालकांसाठीची साइट निघाली. अकरा वर्षं झाली. आम्ही तिघंच: मी, माझी बालरोगतज्ज्ञ मैत्रीण, जिच्या नजरेखालून गेल्याशिवाय औषधपाण्याचा एकही शब्द वर चढत नाही, आणि तांत्रिक बाजू बघणारा माझा भाचा. साइटच्या तळाशी ‘आमचे नियम’ असा एक दुवा आहे. आम्ही कुणाच्या लिंक देतो, कुणाची जाहिरात घेतो, आमचं लेखन कुणी कसं छापावं, हे सगळं तिथे लिहिलंय. ते पान कुणी वाचत नाही. पण त्यातल्या एकेका ओळीमागे एकेक फजिती आहे.

लिंकपासून सुरू करते, कारण तिथे लोकांना वाटतं तेवढं अवघड काही नाही. लिंक म्हणजे पत्ता सांगणं. ‘अमुक माहिती तमुक ठिकाणी आहे’ असं सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. मराठवाड्यातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी आम्हाला रीतसर पत्र धाडलं होतं, ‘आपल्या लेखाचा दुवा शाळेच्या पालकगटात देण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती’. खाली शिक्का. मी ते पत्र जपून ठेवलंय, पण सर, खरंच गरज नव्हती.

मग रमीवाल्याला त्या पत्त्याचे आठ हजार का द्यावेसे वाटले? कारण गूगलसारखी शोधयंत्रं सुरुवातीपासून प्रत्येक लिंककडे शिफारस म्हणून बघत आली आहेत. चार भरवशाच्या ठिकाणांहून एखाद्या पानाकडे बोट दाखवलं गेलं, तर ते पान शोधात वर येतं. म्हणजे आमच्या शी-शूच्या लेखाची अकरा वर्षांची पत त्याला भाड्याने हवी होती. या धंद्याला आळा घालायला २००५ साली ‘नोफॉलो’ नावाची खूण आली आणि २०१९ साली पैसे घेऊन दिलेल्या लिंकसाठी ‘स्पॉन्सर्ड’ अशी वेगळी खूण. दोन्ही पानाच्या आतल्या कोडमध्ये असतात. शोधयंत्राला त्यावरून कळतं की ही शिफारस नव्हे. गोची अशी की खूण यंत्राला दिसते, रात्री दोन वाजता वाचणाऱ्या आईला नाही. म्हणून आमच्याकडे लिंक विकतच मिळत नाही, खुणेसकट नाही आणि खुणेवाचूनही नाही.

फुकट दिलेली लिंकसुद्धा अंगाशी येते, हे मात्र उशिरा कळलं. लसीकरणाच्या लेखाखाली आम्ही डॉक्टरांच्या एका गटाच्या तक्त्याची लिंक दिली होती. चांगला तक्ता होता. त्यांनी कधीतरी साइटच्या नावाचं नूतनीकरण केलं नाही, नाव सुटलं, कुणीतरी ते उचललं. एके दिवशी अंबाजोगाईहून एका बाईंचा फोन: “ताई, गोवराच्या लसीची तारीख बघायला गेले तर लॉटरी उघडतेय. माझी सासू शेजारीच बसली होती हो!” तेव्हापासून दर तीन महिन्यांनी एक रविवार मी आणि भाचा एकेक लिंक उघडून बघतो. मागच्या खेपेला दोनशेबारा होत्या, त्यातल्या एकोणीस मेलेल्या निघाल्या. भाचा म्हणतो, हे काम यंत्रावर टाकू. यंत्र पान उघडतं की नाही ते सांगतं. उघडलेल्या पानावर लस आहे की लॉटरी, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं असतं. प्रुफांची सवय, दुसरं काय.

जाहिरातीचं प्रकरण मोठं आहे.

पहिली तीन वर्षं आम्ही एका मोठ्या कंपनीचा कोड साइटवर चिकटवला होता. तो आपोआप जाहिराती आणतो. कुठली जाहिरात, कुठल्या लेखाशेजारी, हे तोच ठरवतो. महिन्याला दोन-अडीच हजार यायचे. एका वाचक बाईने आमच्यासाठी फार धीराने एक लेख लिहिला होता. पाचव्या महिन्यात तिचं बाळ गेलं. त्यानंतर घरात काय बोललं गेलं, काय बोललं गेलं नाही, ओटी भरायला आणलेलं खण-नारळ कुठे ठेवायचं हे कुणालाच कसं सुचेना, असं सगळं होतं त्यात. लेख सकाळी लावला. संध्याकाळी तिने मला एक स्क्रीनशॉट पाठवला, सोबत एक शब्दही नाही. तिच्या तिसऱ्या परिच्छेदाखाली बोळकं पसरून हसणारं एक बाळ आणि ‘तुमच्या छोट्या पाहुण्यासाठी झबली-टोपडी, ४० टक्के सूट’.

यंत्राने त्याचं काम चोख केलं होतं. लेखात ‘बाळ’ हा शब्द पुष्कळ वेळा आला होता.

त्या रात्री तो कोड काढला. पुढचे सहा महिने खर्च भाच्याच्या पगारातून चालला, हे त्याला आवडत नसलं तरी इथे सांगते.

नंतर कमिशनच्या लिंका करून बघितल्या. आपण एखादी वस्तू सुचवायची, वाचकाने त्या लिंकवरून घेतली की थोडे पैसे आपल्याला. गैर काही नाही त्यात, नीट सांगितलं तर. पण महिन्याभरात मी ‘बाबागाडी घेताना काय बघावं’ असा बाराशे शब्दांचा लेख लिहायला बसले होते. निम्म्यावर आल्यावर खिडकीतून आमच्या गल्लीकडे बघितलं. दोन्ही बाजूंना दुचाक्या, मध्ये उघडं गटार, वर म्हैस. बाबागाडी चालवणार कुठे? तो लेख वाचकासाठी नव्हता, कमिशनसाठी होता. मी खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं, तरीही. लेख पुसला आणि त्या लिंकाही गेल्या.

आता काही जाहिराती अशा की त्या घ्यायच्या की नाही हा प्रश्न माझ्या मर्जीचा नाहीच. बाळांच्या दुधाची पावडर, दूध पाजायच्या बाटल्या आणि दोन वर्षांपर्यंतच्या मुलांचं डबाबंद अन्न यांची जाहिरात करायला भारतात कायद्याने बंदी आहे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांसाठी संहिता केली. त्या मतदानात विरोधी मत एकच पडलं, अमेरिकेचं. आपला कायदा १९९२ चा, आणि २००३ साली तो आणखी कडक झाला. मी तो मुळातून वाचला. जाहिरात म्हणजे काय, याची व्याख्या वाचताना हसूच आलं: पत्रक, वेष्टण हे तर झालंच, पण उजेड, आवाज, धूर किंवा वायू यांतून केलेली घोषणासुद्धा. २००३ मध्ये त्यात इलेक्ट्रॉनिक माध्यम आलं. धुराने आभाळात बाटलीचं चित्र काढणाऱ्यालाही ज्या माणसाने पकडायचं ठरवलं, त्याचा मला फार आदर वाटतो. डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्रसुद्धा चालत नाही. दुकानात गेलात तर बघा, अस्वलं नि ससे असतील, बाळ नसेल. आणि बंदी फक्त कंपनीवर नाही. अशी जाहिरात छापण्यात जो भाग घेतो, तोही सापडतो. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पण जाहिरात ‘मी जाहिरात आहे’ म्हणत येईल तर ना! आमच्याकडे ती लेखाचा पदर घेऊन आली. ‘सहाव्या महिन्यानंतर काय?’ असा सुबक लेख, आहारतज्ज्ञांच्या नावाने, फोटोंसकट, फुकट. वर ‘प्रकाशनखर्च’ म्हणून बारा हजार. लेखात नाचणीची पेज होती, वरणभात होता, आणि चौथ्या परिच्छेदात, पेजेच्या नि वरणाच्या मध्ये, अगदी सहज एका डब्याचं नाव. मैत्रिणीने लाल पेनाने त्यावर एवढी मोठी फुली मारली की कागद फाटला.

मुलगा होण्यासाठीचा आहार, पाळीच्या तारखेवरून मुलगा की मुलगी सांगणारी कॅलेंडरं यांचेही निरोप येतात. गर्भलिंगनिदानावर कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ साली. १९९४ चा केंद्राचा कायदा नंतरचा. त्यातल्या जाहिरातबंदीच्या कलमात, साधन शास्त्रीय असो वा नसो, असे स्पष्ट शब्द आहेत. म्हणजे ‘आमचं तर नुसतं पारंपरिक कॅलेंडर आहे’ ही पळवाट चालत नाही. उंची वाढवणाऱ्या भुकट्यांचंही तेच. १९५४ चा जादूटोण्याच्या औषधांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे, त्याच्या यादीत माणसाची उंचीसुद्धा आहे.

डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या ‘मिड-ब्रेन’ क्लासची जाहिरात घेऊ नका, असं मला कुठल्याच कलमाने शब्दाशब्दात सांगितलेलं नाही. ती मी माझ्या अकलेने नाकारते. मूल पट्टीच्या फटीतून बघतं, हे कळायला कायदा कशाला? चॉकलेटी पावडरींचाही मी असाच नाद सोडला. त्यांना ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणायची सोय नव्हतीच, कारण आपल्या अन्नकायद्यात अशी व्याख्याच नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये सरकारने ऑनलाइन दुकानांना त्या गटातून ही पेयं काढायला सांगितलं, तेव्हा आमच्या मैत्रिणीने दवाखान्यात पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

मग उरतं काय? सावंतवाडीची लाकडी खेळणी विकणारे एक गृहस्थ. इस्लामपूरच्या एक काकू, गोधड्या आणि जुन्या साड्यांच्या लंगोट्या शिवतात. साताऱ्याचं मुलांचं एक वाचनालय. चौकटीला महिना सहाशे रुपये, सगळ्यांना एकच दर. मैत्रिणीच्या दवाखान्याची जाहिरातही घेत नाही, कारण जी आमचे लेख तपासते तिचाच दवाखाना शेजारच्या चौकटीत कसा चालेल? ती दोन दिवस रुसली, मग म्हणाली, तसंही आमच्या आचारनियमांत पेशंट मिळवायला जाहिरात बसत नाहीच.

चौकटीच्या डोक्यावर ठळक ‘जाहिरात’ असं लिहितो. ‘प्रायोजित’ नाही. हा शब्द मी प्रुफं तपासताना शेकड्यांनी बघितला, पण माझ्या आत्याला त्याचा अर्थ विचारला तर म्हणाली, “काहीतरी सरकारी असेल.” जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरच्या मंडळींना पैशाचा किंवा भेटवस्तूंचा संबंध असेल तर तसं ठळक सांगायला लावलं, आणि पुढच्या वर्षी ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे नियमही आले. म्हणून पुस्तकाच्या परीक्षणाखालीही आम्ही लिहितो: ही प्रत प्रकाशकाने पाठवली. त्यावर एका लेखकाने ‘मग तुम्ही पुस्तक चांगलं का नाही म्हटलं?’ असं विचारलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही.

पुनर्मुद्रणाचा नियम सगळ्यात लांब आहे, आणि तो एका मधाच्या बोटामुळे आहे.

आमच्याकडे एक लेख होता. त्याची सुरुवात अशी: बाळ जन्मलं की सोन्याच्या वळ्याने मध चाटवावा, बुद्धी तल्लख होते, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पुढे दोन परिच्छेद आजीपणजींच्या आठवणी. आणि मग चौथ्यात मुद्दा: वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका, कारण मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना ते काही करत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. बाळ लुळं पडतं, श्वासावर बेततं. एका तालुक्याच्या साप्ताहिकाने तो लेख न विचारता उचलला. पान लावताना ऐन वेळी टायरच्या दुकानाची जाहिरात आली, जागा कमी पडली, आणि सगळ्या छापखान्यांत होतं तेच झालं: शेपटाकडून कापलं. तीन परिच्छेद उरले. मथळा त्यांनी त्यांचा दिला, ‘आजीबाईचा बटवा: बाळाला मध’. खाली ‘साभार’, आणि माझं नाव. ठळक टायपात.

हे मला कळलं कसं? मैत्रिणीच्या दवाखान्यात एक आजी ते कात्रण घेऊन आली. नातू अकरा दिवसांचा. “बघा, यांनी पण लिहिलंय,” म्हणून तिने बोट माझ्या नावावर ठेवलं. बाळ ठणठणीत आहे, आता बालवाडीत जातं. पण ते कात्रण मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.

‘साभार’ हा शब्द आपल्याकडे फार भाबडेपणाने वापरतात. आभार मानले की वस्तू आपली झाली, असं समजून. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तसं काही नाही. लिहिलेलं लिहिणाऱ्याचं, नोंदणी केलेली असो वा नसो. त्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं. परीक्षणासाठी, टीकेसाठी चार ओळी उद्धृत करता येतात, अख्खा लेख नाही. आणि त्यातलं सत्तावन्नावं कलम तर मला पाठ आहे: हक्क विकून टाकले तरीही, लेखनावर आपलं नाव सांगायचा आणि त्याची आपल्या लौकिकाला बाधेल अशी मोडतोड थांबवायचा अधिकार लेखकाकडेच राहतो. संपादकभाऊंना फोन केला तेव्हा मी हे कलम म्हणून दाखवलं. ते म्हणाले, “ताई, नाव तर दिलं ना तुमचं!” माझी तक्रार नेमकी तीच होती.

व्हॉट्सअॅपवर उलटं होतं, तिथे नाव गळतं. बाळाला झोपवण्यावरचा माझा लेख माझ्याच आत्याने मला ‘नक्की वाच, तुझ्या कामाचं आहे’ म्हणून पाठवला, खाली पुण्याच्या कुठल्याशा मोठ्या डॉक्टरांचं नाव. पु. लं.च्या नावावर त्यांनी न लिहिलेलं किती फिरतं ते तुम्हाला माहीतच आहे. मला निदान डॉक्टर मिळाले.

नावापेक्षा मला जास्त काळजी तारखेची असते. आमचा लसींचा तक्ता सात वर्षं जुन्या रूपात एका शाळेच्या भिंतीवर आढळला. पण पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा, नवव्या महिन्यातला डोस २०२३ च्या जानेवारीपासून सरकारी कार्यक्रमात आला. त्याआधीच्या तक्त्यात तो कुठून असणार? शाळेने विचारलं असतं तर नवा पाठवला असता.

म्हणून नियम असा: शाळा, अंगणवाड्या, आईंचे गट यांनी खुशाल छापावं, फुकट, विचारायचीही गरज नाही. अटी तीन. नाव आणि तारीख हवी. मूळ लेखाची लिंक हवी, म्हणजे पुढे काही बदललं तर वाचणाऱ्याला कळेल. आणि कापायचं नाही. जागा नसेल तर आम्हाला सांगा, आम्ही छोटं करून देतो, अगदी रात्री अकराला पान लागत असलं तरी. छापून विकणार असाल तर आधी विचारा आणि लेखी घ्या. लेखी करारात मुदत घातली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश घातला नाही तर भारत, म्हणून आम्ही दोन्ही घालतो. आणि इतरांनी लिहिलेल्या लेखांची परवानगी आम्ही देऊच शकत नाही, ती लेखकाची. पाचव्या महिन्यात बाळ गेलेल्या त्या बाईचा लेख एका प्रकाशकाला पुस्तकात हवा होता. मानधन चांगलं होतं. मी तिला विचारलं. ती नको म्हणाली. विषय संपला.

गेल्या दिवाळीच्या सुमारास त्याच साप्ताहिकाच्या संपादकभाऊंचा फोन आला. या वेळी आधी. “ताई, तुमचा तापावरचा लेख घेऊ का? एक शब्द कापणार नाही, शपथ.” मला खरंच बरं वाटलं. अंक पोस्टाने आला. लेख पूर्ण, नाव बरोबर, तारीख आहे, लिंकसुद्धा अक्षर न् अक्षर बरोबर. आणि लेखाला चिकटून, त्याच चौकटीत, त्याच टायपात: ‘तीन महिन्यांत मुलांची उंची वाढवा. खात्रीशीर.’

लगेच फोन लावला.

“पण ताई,” भाऊ म्हणाले, “लेख तुमचा. जाहिरात तर आमची आहे ना?”